राहिलेले एकोणचाळीस वार

पहाटे साडेपाच

डिसेंबरात सेमाडोहला सकाळ उशिरा होते. गाव सिपना नदीच्या काठी, भोवती डोंगर आणि सागाचं रान. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागच. नदीला झाडाचं नाव मिळालंय. सूर्य उगवला तरी ऊन आमच्या अंगणात पोचायला वेळ लागतो. तोवर कवेलूवरून दव ठिबकत असतं.

चूल पेटवली की मी आधी हात शेकते, चहा नंतर. बोटं गार असली तर सुई नीट धरता येत नाही, टाका वाकडा जातो. गंजात पाणी कोमट करायचं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायचं. मायची ही सवय माझ्यात आली आहे.

आज हात लवकर मोकळे व्हायला हवेत. उद्या अंजनगावला माझ्या भाचीच्या लेकीचं बारसं आहे आणि बाळंतविड्यात द्यायच्या गोधडीचे सात फेरे अजून राहिलेत. पुतण्या दुपारी चारला मोटारसायकलवर परतवाड्याकडे निघेल. अंधार पडायच्या आत त्याला घाट उतरायचाय, तेव्हा तो थांबणार नाही, आणि मीही त्याला थांब म्हणणार नाही.

ही गोधडी मी घातलेली नाही. मायनं घातली होती, भाचीच्या लग्नात रुखवतात ठेवायला. लग्नाला पाच महिने असताना माय गेली. रुखवत मांडलं गेलं. लाडू, करंज्या, भांडी, विणलेले रुमाल, सगळं होतं. गोधडी मात्र बहिणीच्या कपाटात घडी करून पडली होती, सुई खोवलेली तशीच. ती तीन वर्षं तिथंच राहिली. भाचीला दिवस गेले तेव्हा बहिणीनं ती माझ्याकडे धाडली आणि फोनवर एवढंच म्हणाली, "तूच कर. माह्या हातानं नाही होत."

सात

आत्याबाई उठल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशी ओलांडलीय, नजर मंदावली आहे, पण त्यांची गोधडी कुणी उचलली तर झोपेतही कळतं. तिच्यावर इतकी ठिगळं चढलीत की मूळ लुगडं कुठलं ते आता त्यांनाच ठाऊक. मागच्या हिवाळ्यात मुलानं त्यांना मऊ केसाळ ब्लँकेट आणून दिलं. दोन रात्री पांघरलं आणि तिसऱ्या दिवशी परत केलं. "गरम हाय, पण आंगावर काही हाय असं वाटतच नाही," म्हणाल्या. गोधडीला वजन असतं. ते वजन अंगावर पडलं की माणूस निजतं, लहान लेकरू तर लवकरच. ब्लँकेटवाल्यांना हे कळत नाही.

आठ

ओसरीवर काल गोधडीसाठी आलेलं गाठोडं सोडलं. अकोटकडून एक बाई नातेवाइकांकडे आली होती, ती ठेवून गेली. तिची आई कोह्याची. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नवांपैकी एक. पुढे जंगलाच्या आतली काही गावं उठली. कोहा, कुंड, बोरी ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उठून अकोटकडे सपाटीवर वसली. बाईची आई तिकडेच वारली. गाठोड्यात आईचे सात कपडे आहेत. "गावातली नेसूची होती हे दोन," असं म्हणून तिनं त्यांना वेगळी गाठ मारलीय. घर राहिलं नाही, गावही राहिलं नाही. त्या गावात नेसलेली दोन लुगडी तेवढी आहेत.

माझं पहिलं काम म्हणजे सूत ओळखणं. हाताला आता कळतं, तरी खात्री करून घेते. कपड्याच्या कडेचा एक धागा ओढायचा आणि दिव्याच्या ज्योतीला लावायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो, मागे चिमूटभर मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. सातांपैकी चार सुती निघाले, तीन मण्याचे.

मण्याचं कापड गोधडीत चालत नाही, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. एक तर ते घाम शोषत नाही. उन्हाळ्यात त्यावर निजलेलं लेकरू ओलं होऊन उठतं. दुसरं म्हणजे ते घसरतं. सुती थर एकमेकांना धरतात, धुण्यागणिक घट्ट होतात. मधे एक गुळगुळीत थर आला की वरचा इकडे, खालचा तिकडे, आणि वर्षभरात गोधडीला पोट सुटतं. बायका गोधड्या विसरल्या, आळशी झाल्या, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. घराघरांतून सुती लुगडं गेलं आणि न चुरगळणारी साडी आली. जुनं सुतच उरलं नाही तर गोधडी घालायची कशाची?

पण त्या तिनांतली एक निळी साडी बाईच्या आईनं शेवटी नेसलेली आहे. ती नको कशी म्हणायची? थर म्हणून घेणार नाही, पण तिचा तळहाताएवढा तुकडा कडा मुडपून पायाकडच्या कोपऱ्यावर वरून शिवीन. अंग लागणार नाही आणि नजरेला पडेल.

साडेनऊ

चार सुती कपडे घेऊन नदीवर. कितीही स्वच्छ दिसत असले तरी धुतल्याशिवाय मी कपडा घेत नाही. त्यामागे माझीच एक चूक आहे. लोकांच्या गोधड्या शिवायला लागले त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका घरच्या गोधडीला खालून लावायला मी परतवाड्याहून लाल मांजरपाट आणला, दुकानदार रंग पक्का आहे म्हणाला आणि मी तो न भिजवता तसाच लावला. पहिल्या धुण्यात लाल रंग आत उतरला. आत त्या घरच्या आजोबांचं पांढरं धोतर होतं. गोधडी गुलाबी झाली. घरच्या म्हाताऱ्या काही बोलल्या नाहीत, फक्त धोतराच्या जागी हात फिरवून पाहिला. पैसे मी घेतले नाहीत, पण त्यानं काय भरून निघणार. तेव्हापासून नवं कापड आधी तीन पाण्यांतून काढते आणि शेवटच्या पाण्यात पांढरी चिंधी टाकून ठेवते. चिंधी पांढरी निघाली तरच पुढे.

रिठ्याच्या पाण्यात कपडे कुटले, दगडांवर पसरले. थंडीत नदीचं पाणी उतरलेलं असतं, दगड उघडे पडतात, ऊन पडलं की लवकर तापतात. शेजारची बाई भांडी घासत होती. कोरकू आहे, माझ्याशी आमच्याच बोलीत बोलते. "कोनाचं हाय व?" मी सांगितलं. तिनं त्या कोह्याच्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. तिचं कुणीतरी तिथलं होतं.

बारा

भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी. जेवण उरकलं.

साडेबारा

आता मायची गोधडी. ओसरीत ऊन आलंय ते अडीच-तीनपर्यंत टिकेल.

मायची मांडणी सांगते. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो, पन्हा चारेक फूट. एका माणसाच्या पांघरुणाचं माप त्यातच बसलेलं आहे, कात्रीला फार कष्ट नाहीत. मायनं स्वतःचं जांभळं लुगडं असं चार तुकड्यांत फाडलं. एक तुकडा वर, एक खाली. मधे बाबांचं धोतर आणि तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आजीचं, एक विरलेलं पातळ. उरलेले दोन तुकडे घडी करून बाजूला ठेवले होते, ते आता माझ्या पेटीत आहेत.

टाक्याची तऱ्हाही सांगते, कारण हल्ली सरळ ओळी मारतात. मायचं शिवणं कडेपासून आत जाणारं. काठाला लागून चारी बाजूंनी एक फेरा, मग बोटाच्या अंतरावर दुसरा, मग तिसरा, असं फिरत फिरत मधे यायचं. आधी थर ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मधून बाहेर कच्चा दोरा टाकायचा, नाहीतर सगळा झोळ ढकलला जाऊन मध्यावर गोळा होतो. दोरा दुहेरी, आणि त्याला मेण. इथं मधाच्या पोळ्याचं मेण मिळतं. त्याच्या खडीवरून दोरा दोनदा ओढला की तो गुंतत नाही, चार थरांतून सळसळत जातो. बोटात अंगुस्तान हवंच. मायनं कधी घातलं नाही. तिच्या मधल्या बोटाचं टोक खरखरीत झालं होतं. लहानपणी ती गालावरून हात फिरवायची तेव्हा ते लागायचं.

पूर्ण गोधडीला बत्तीस फेरे बसतात. मायनं एकोणीस घातले होते. फेरा आत येईल तसा लहान होत जातो, म्हणून हिशेब केला तर तिचं शिवणं सुमारे एकशे सात वार भरतं आणि माझ्या वाट्याला एकोणचाळीस वार आलं. महिनाभर रोज थोडं करत सहा फेरे मी घातले. आज सात, म्हणजे साडेसतरा वार.

जिथं तिची सुई थांबली होती तिथं गंजाचा डाग आहे, गव्हाच्या दाण्याएवढा, तांबूस. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं की सुती कापडावरचा गंज जातो, मला माहीत आहे. मी चोळलं नाही. सुई काढली तेव्हा ती दोऱ्यासकट आली, आणि तिचा शेवटचा टाका अर्धाच होता: खाली गेलेला, वर न आलेला. मी नवा दोरा ओवला आणि त्याच भोकातून वर काढला.

पहिल्या दिवशी मी तिच्यासारखे टाके घालायला गेले. तिचा टाका तिळाएवढा, माझा तांदळाएवढा. दोन वार तिचे टाके घालून पाहिले आणि उसवले. माझे डोळे तेवढे नाहीत आणि ते खोटंही दिसत होतं. आता एकोणिसाव्या फेऱ्यानंतर टाका उघड बदलतो. भाचीची लेक मोठी होऊन बोट फिरवील तेव्हा तिला कळेल, इथपर्यंत पणजी, इथून पुढे आजीची बहीण.

दीड

शेजारची बाई तूर निवडायला इथंच येऊन बसली. "मशीन हाय ना तुह्याकडे, मग हातानं काहून करून राह्यली?"

मशीन आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे शर्ट मी मशीनवरच शिवते. पण मशीनची शिवण थरांना आवळून धरते. वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकून ताठ रेघ होते. हाताचा धावदोरा सैल असतो, दोन टाक्यांमधे कापड किंचित फुगतं, त्या फुगवट्यात हवा राहते आणि ऊब त्या हवेचीच. शिवाय हाताचा दोरा तुटला तर चार बोटं उसवतो, तेवढा दुरुस्त होतो.

बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर गाडगेबाबांचं भजन लागलं होतं. आज त्यांची पुण्यतिथी. २० डिसेंबर १९५६ ला ते अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गेले. त्यांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या माहेराच्याच तालुक्यातलं, म्हणून मायला ते घरचे वाटायचे. अंगावर चिंध्यांची गोधडी म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. माय सांगायची, बाबा चिंध्या नेसत पण त्या धुतलेल्या असत. मळकी गोधडी ही गरिबी नाही, हयगय आहे. ती दर अमावास्येच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची आणि घडीत कडूलिंबाचा पाला ठेवायची.

हे शिवताना माझ्या मनात एक गोष्ट नेहमी येते, आणि ती मला बोचते. आपलं वऱ्हाड कापसाचं. अमेरिकेत यादवी झाली, १८६१ ते ६५, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला. मग रेल्वे आली, खामगावात, अमरावतीत बाजार भरभराटले, आमच्या अचलपूरपर्यंत शकुंतला नावाची छोटी रेल्वेगाडी आली तीही कापसासाठी. डोंगर उतरलं की अजूनही सगळीकडे पांढरं वावर. आणि ज्या बायकांनी वाकून वाकून तो वेचला त्यांच्या घरी पांघरायला काय होतं? गादी पिंजाऱ्याकडून भरून घ्यायची ती लग्नाला, तीही ऐपत असली तर. घरचा कापूस मापाला जायचा आणि घरचं लेकरू जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत निजायचं. गोधडीचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं. ती हौसेतून आलेली नाही. हौस मायसारख्यांनी नंतर त्यात घातली. काठ कुठं येईल, रंग कसा फिरेल, ते त्यांचं.

दुसरीकडेही असंच झालंय. भाची अमरावतीला कॉलेजात शिकवते. तिनं मला मोबाइलवर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या गोधड्या दाखवल्या होत्या. तिथल्या काळ्या बायकांचे पूर्वज कापसाच्याच मळ्यावर गुलाम होते. त्यांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या, मग न्यूयॉर्कमधे. त्यातली एक मिझुरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामावरच्या कपड्यांची केलेली. गुडघ्याच्या जागी झिजलेलं कापड, खिसा उसवल्यावर उरलेला गडद चौकोन, सगळं तसंच ठेवलेलं. मी तो फोटो मोठा करून टाके पाहिले. तिचेही तांदळाएवढे आहेत.

तीन

ऊन सरकलं, मी खाट ओढून अंगणात आले. शेवटचे दोन फेरे म्हणजे मधली लांबट पट्टी. इथं हात आत पोचत नाही, सगळी गोधडी मांडीवर गोळा करावी लागते. थर चारच, पण दुमडले की जड होतात, सुई दोनदा अडकली. हाताखाली बाबांच्या धोतराचा मऊपणा कळत होता; दिसत नव्हता, पण कळत होता.

लेकराला द्यायचं तर जुनं कापड द्यावं. नव्याला खळ असते, ती टोचते. शंभरदा धुतलेल्या सुताला काही लपवायचं उरलेलं नसतं, त्याची कूस निघून गेलेली असते. बहीण म्हणाली होती, मायची आठवण आहे, भाचीनं ती नीट कपाटात जपून ठेवावी. मी भाचीला उलट सांगणार आहे. रोज घाल. लेक मुतली तर धू. विरली तर माझ्याकडे धाड, मी ठिगळ लावीन. कपाटात तीन वर्षं राहिली तेव्हा तिला काय झालं ते मी पाहिलंय: घडीच्या रेघेवर सूत कमजोर झालं होतं आणि सुईचा गंज चढला होता. वापरातल्या गोधडीला गंज चढत नाही.

साडेतीन

बत्तिसावा फेरा मिटला. गाठ मारायची नाही, दोरा मागे तीन टाके आत घालून कापायचा, म्हणजे पाठीला काही लागत नाही. मग हळदीचं बोट एका कोपऱ्याला आतून. हे मायचं.

मायची ती गंजलेली सुई मी बाळंतविड्यात घालणार नव्हते, लेकराच्या सामानात सुई कशाला. ती मेणाच्या खडीत टोचून ठेवली.

घडी केली. झबली, टोपडी, दुपटी आधीच बांधली होती. गोधडी सगळ्यांच्या खाली, वर जुन्या पातळाचं बांधणं. पुतण्या आला, गाडीवर मागे दोरीनं आवळायला लागला.

"पाण्यात भिजू देजो नोको," मी म्हटलं.

"थंडीत कुठं पाणी, काकू?"

"दव पडते."

त्यानं वरून प्लास्टिक गुंडाळलं. चारला पाच मिनिटं कमी असताना गेला. गाडीचा आवाज घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ऐकू येतो, मग सागात विरतो.

सहा

नदीवरचे कपडे वाळून आले होते. कोह्याची दोन लुगडी वेगळी ठेवली, एक वर, एक खाली. उद्या मांडीन. अंधारात थर मांडू नयेत, एखादी सुरकुती राहून जाते आणि ती मग कायमची.

रात्री नऊ

आत्याबाई दिवसभर काही बोलल्या नव्हत्या, खाटेवरून पाहत होत्या. आता त्यांची लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर खाली बसून लुगडी काढत होत्या. तीन बाहेर काढली होती. एकाला जरीचा काठ, त्यांच्या लेकीनं दिलेलं. ते त्यांनी बाजूला सारलं. "हे नोको. काठ टोचते." दुसरं उचललं, वास घेतला, ठेवलं. तिसरं हिरवं, रोजच्या नेसण्याचं, धुऊन धुऊन फिकं झालेलं, गुडघ्याजवळ रफू केलेलं. ते गालाला लावून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे मऊ हाय. मी गेल्यावर हे वरच्या अंगाले लावजो."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी काडेपेटीकडे हात दाखवला. "धागा जाळून पाह्य. सुती हाय."

पाहायची गरज नव्हती. तरी मी कडेचा एक धागा ओढला आणि दिव्याला लावला. कागदाचा वास आला. चिमूटभर राख बोटावर घेऊन त्यांना दाखवली, त्यांनी डोळे बारीक करून पाहिली आणि पेटीचं झाकण लावलं.

मी ते लुगडं रिठ्याच्या पाण्यात भिजत घातलं.